3 इंचांचा फरक



आजचा विषय वाचून नाक मुरडू नका. स्वयंपाकघराबद्दल आणि देवघराबद्दल मी नेहमीच लिहिते. आज मात्र घरातल्या ज्या जागेचं नाव आपण हळू आवाजात घेतो, तिच्याबद्दल लिहायचं आहे. गेल्या महिन्यात आम्ही संडासातला जुना कमोड बदलला.

सुरुवात झाली पाण्याच्या तांब्यापासून. सासूबाई सूर्यास्तानंतर पाणी घेत नाहीत, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. म्हणून दुपारी 4 वाजता मी गाळून उकळलेल्या पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवते. काही दिवस तो संध्याकाळी जवळजवळ भरलेलाच परत येऊ लागला. विचारलं की म्हणायच्या, "तहानच नाही गं." मला वाटलं, आईंनी संयम वाढवलाय. मग एका रात्री संडासाच्या दारातून त्यांचं कण्हणं ऐकू आलं आणि उलगडा झाला. कमोड जेमतेम 14 इंच उंच. गुडघ्यांमुळे त्यांना उठताच येत नव्हतं. हाक मारायचा संकोच, म्हणून त्यांनी पाणीच कमी केलं होतं. ज्याला मी त्याग समजत होते, ती त्यांची अडचण होती. फार लाजले मी.

दुसऱ्याच दिवशी दुकान गाठलं. एक छान उंच, टाकी जोडलेला कमोड पसंत पडला. दुकानदारानं विचारलं, "एस ट्रॅप की पी ट्रॅप? भिंतीपासून किती?" मला काही कळलं नाही, पण अज्ञान दाखवायला नको म्हणून म्हटलं, "नेहमीचा असतो तो द्या." खोकं घरी आलं. मिस्त्रींनी आधी जुन्या कमोडमागे टेप धरली, मग नवा उलटा करून मोजला आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा पाइप 9 इंचावर आहे आणि हा 12 इंचाचा आहे. बसायचा नाही. फरशी फोडून पाइप पुढे घ्यावा लागेल."

आम्ही पहिल्या मजल्यावर. फरशी फोडायची म्हणजे खालचं वॉटरप्रूफिंग तुटणार, आणि उद्या खालच्यांच्या छतातून पाणी गळणार. माझ्या 3 इंचांच्या चुकीचा त्रास त्यांनी का सोसायचा? खोकं परत पाठवलं. दुकानदारानं वापरलेलं नाही म्हणून घेतलं, पण टेम्पोचं भाडं दोनदा गेलं.

मिस्त्रींनी मग मला जे शिकवलं, ते तुम्हालाही सांगते. कमोडचं तोंड जमिनीतल्या पाइपात उतरत असेल तर तो एस ट्रॅप, मागच्या भिंतीत जात असेल तर पी ट्रॅप. एस ट्रॅप असेल तर भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत मोजायचं, आणि तेही टाइलच्या वरून, आतल्या गिलाव्यापासून नाही. हे अंतर बऱ्याच घरांत 9 किंवा 12 इंच असतं. पी ट्रॅप असेल तर जमिनीपासून पाइपच्या मध्यापर्यंतची उंची मोजायची. जुना कमोड मागून बंद असेल आणि पाइप दिसत नसेल, तर अंदाज करू नका. मिस्त्रींना बोलवा, तो उचलून मोजू द्या, आणि मगच दुकानात जा.

आणखी दोन मापं मी स्वतः घेतली. दार आत उघडतं, म्हणून ते पूर्ण उघडून कमोड भिंतीपासून किती पुढे येऊ शकतो ते पाहिलं. दुसरं माप आईंचं. ज्या खुर्चीवरून त्या हात न धरता उठतात, ती मोजली. 17 इंच भरली. तेवढाच उंच घेतला, कारण त्याहून उंच घेतला असता तर त्यांचे पाय लोंबकळले असते.

टाकी दोन बटणांची घेतली, अर्धं पाणी 3 लिटर आणि पूर्ण 6 लिटर. जुनी टाकी दर वेळी 10 लिटर ओतायची. आम्ही पाच माणसं, दिवसाला साधारण 25 वेळा पाणी सोडलं जातं. म्हणजे रोज 250 लिटर. आता पाच वेळा पूर्ण आणि वीस वेळा अर्धं धरलं तर 90 लिटर. पिण्याचं पाणी आपण दुहेरी कापडातून गाळतो, जिवाणी जपून परत सोडतो, कारण एका थेंबात असंख्यात जीव आहेत असं मानतो. त्याच घरात रोज 160 लिटर पाणी उगाच वाहत होतं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

जुना कमोड उचलला तेव्हा खाली मुंग्यांची रांग निघाली. मिस्त्री फिनेल मागत होते. मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं आणि मऊ कुंचल्यानं मुंग्या अलगद बाजूला घेतल्या. अर्धा तास गेला. चहा दिला, मग तेही रागावले नाहीत.

मुनिमहाराजांच्या पाच समितींमध्ये प्रतिष्ठापना समिती आहे. मलमूत्र टाकतानाही जागा नीट पाहून, जीव नाहीत याची खात्री करून टाकायचं. आपल्याला संसारात तेवढं पाळणं जमत नाही. पण आधी पाहायचं आणि मग करायचं, एवढं तर जमेल ना? मी न पाहता 'नेहमीचा द्या' म्हटलं, आणि आईंचं दुखणंही तसंच न पाहता राहून गेलं होतं.

जाता जाता एक घरगुती उपाय. टाकीत चमचाभर हळद कालवा आणि अर्धा तास बटण दाबू नका. कमोडमध्ये पिवळं पाणी उतरलं तर टाकी आतून गळते आहे. आमची जुनी टाकी तशीच गळत होती.

बाजूला धरायला दांडाही बसवून घेतलाय. आई आता हाक मारत नाहीत, पण तांब्या संध्याकाळी रिकामा परत येतो. काल तर पावणेचारलाच विचारलं, "अगं, पाणी आणतेस ना?"

जय जिनेंद्र.