बॅटरीचं चिन्ह आणि शेकडेवारीचा तास

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. मुंबईत राहणाऱ्यांना ही तारीख लक्षात असेल. सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या शहराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. आमच्या माझगावात पंखे बंद पडल्यावर एकदम इतकी शांतता झाली की खालच्या मजल्यावरचं बोलणं ऐकू यायला लागलं. गॅलरीत जाऊन पाहिलं तर डॉकयार्ड रोड स्टेशनाच्या अलीकडे हार्बरची गाडी उभी.

माझा सहावीचा गणिताचा तास चालू होता. तेव्हा तास म्हणजे जेवणाच्या टेबलावर ठेवलेला लॅपटॉप. भाच्याने वापरून झाल्यावर मला दिलेला. घरातलं वायफाय गेलं म्हणून मी फोनचा हॉटस्पॉट लावला आणि मुलांना ठणकावून सांगितलं, "कोणी जाऊ नका. माझ्या लॅपटॉपला बॅटरी आहे, तास पूर्ण करू."

कुठल्या आधारावर सांगितलं? कशाच्याच नाही. लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, बॅटरीचं जे छोटं चिन्ह असतं ते महिनाभरापूर्वी एका अपडेटनंतर गायब झालं होतं. चार्जर कायम लावलेलाच असतो, चिन्ह नसलं तर काय बिघडतं, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. त्या दिवशी चार्जरची पिन सैल होती आणि लॅपटॉप सकाळपासूनच बॅटरीवर चालत होता, हे मला नंतर कळलं. पंधरा मिनिटांत पडदा काळा. सूचना नाही, काही नाही.

मुलं थांबली. बाईंनी सांगितलंय म्हणून थांबली. ताडवाडीतला आमचा एक विद्यार्थी वडिलांच्या फोनवर तासाला बसायचा. त्यात ११ टक्के उरले होते. त्याने मध्ये विचारलंही होतं, "बाई, थांबू का?" मी म्हटलं, थांब. फोन बंद पडेपर्यंत तो रिकाम्या पडद्यासमोर बसून राहिला. त्याचे वडील एका रुग्णालयात वॉर्डबॉय. रात्रपाळी करून झोपले होते. वीज गेल्यावर त्यांना लवकर बोलवायला फोन आले, पण लागले नाहीत. त्या दिवसाचा खाडा लागला.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "बाई, तुमची किती टक्के आहे ते आधी सांगत जा ना. म्हणजे आम्हाला पण ठरवता येईल." ताई, चुकलं माझं, म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसले. भाचा फोनवर होता. ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घड्याळाजवळचा वर टोक असलेला छोटा बाण दाबून पाहिला. कधी कधी चिन्ह तिथे लपलेलं असतं. नव्हतं. मग सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, आणि खाली ‘टर्न सिस्टिम आयकॉन्स ऑन ऑर ऑफ’. तिथे ‘पॉवर’समोरचं बटण चालू केलं की बहुतेकांचं काम होतं. माझं ते बटण करडं, दाबलं तरी हलेना. भाचा म्हणाला, "मावशी, करडं आहे म्हणजे चिन्ह लपलेलं नाही. लॅपटॉपला बॅटरी आहे हेच कळत नाहीये." बॅटरीत एक छोटी चिप असते, ती किती चार्ज उरला ते मोजते आणि ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम ते विंडोजपर्यंत पोचवतो. मधला निरोप्याच आजारी पडला तर कोपऱ्यात काय दिसणार?

स्टार्टवर उजवी क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात ‘बॅटरीज’. ‘मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ या लांबलचक नावावर पिवळा त्रिकोण होता. त्यावर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करायचं म्हणाला, तेव्हा माझा हात थरथरला. चाळीस मुलांचे गुण त्यात. पण याने फाइलींना धक्का लागत नाही. नंतर वरच्या ‘ॲक्शन’मधून ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ केलं आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. चिन्ह आलं! (इतकंही करून आलं नाही तर बॅटरीच गेलेली असू शकते. आणि लॅपटॉपची खालची बाजू फुगलेली दिसली तर काही करू नका, बंद करून थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.)

पण भाचा एवढ्यावर थांबला नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून त्याने बॅटरीचा अहवाल काढायला लावला. ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच ‘बॅटरीरिपोर्ट’, सगळं इंग्रजीत. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात दोन आकडे होते. बॅटरी नवी असतानाची क्षमता ४१,४४० मिलीवॅट-तास. आता पूर्ण चार्ज केल्यावरची, १४,९१८.

बघता बघता माझ्यातली गणिताची बाई जागी झाली.

मंगळवारी तासाच्या सुरुवातीला आधी मुलांची माफी मागितली, आणि त्या मुलाची नाव घेऊन. मग ते दोन आकडे फळ्यावर लिहिले. सहावीला शेकडेवारी आहेच. "माझी बॅटरी किती टक्के उरलीय?" एकाने उलटा भागाकार केला आणि म्हणाला, "बाई, २७८ टक्के! तुमची वाढली!" सगळे हसले. खाली कुठली संख्या घ्यायची यावर दहा मिनिटं भांडण झालं. शेवटी ३६ वर आले. मग मी कोपऱ्यातलं चिन्ह दाखवलं. तिथे १०० टक्के. आता बोला, कोण खोटं?

ताडवाडीचाच मुलगा म्हणाला, "दोघं पण खरं बोलतात बाई. शंभर आत्ताच्या भांड्याचे. छत्तीस नव्या भांड्याचे. आमचा फोन पण शंभर दाखवतो आणि तासाभरात संपतो." शेकडेवारी ‘कशाची’ हा प्रश्न मी इतकी वर्षं फळ्यावर लिहून शिकवत आले होते. इतक्या पटकन कोणी धरला नव्हता.

नवी बॅटरी पुढच्या आठवड्यात लॅमिंग्टन रोडवरून बसवून आणली. तोवर, आणि नंतरही, हजेरीआधी मी माझे टक्के सांगायचे आणि मग मुलं त्यांचे. २० च्या खाली ज्याचा फोन, त्याने हजेरी देऊन निघायचं, गृहपाठ मी त्याच्या आईला मेसेज करायची. काही जण ४० असताना १८ सांगायचे, तेही मला कळत होतं.