पोकळ आवाज

रात्रीचे दहा. गुडघे ठणकताहेत, नखांत सिमेंट आहे. तरी मन शांत आहे. बारा वर्षं हिशेबाची नोकरी केली. आता पुण्यात एका मिस्त्रींच्या हाताखाली फरशी बसवायला शिकतोय.

आज पहिल्यांदा बाथरूम एकट्याने केलं. जाळीकडे ढाळ धरला, बादलीभर पाणी ओतलं. कुठेही साचलं नाही. मग एकेक टाइल ठोकून पाहिली. एक पोकळ वाजली. उचलली, पुन्हा बसवली. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम ०.५ टक्का पाणी पिते, नुसतं सिमेंट तिला नीट धरत नाही. खालचा थर भरगच्चच हवा.

उद्या दिवाणखाना. तिथे कुणाचं तरी बाळ रांगेल. त्याच्या गुडघ्यांखालची जमीन सपाट असावी, एवढंच मागणं.