इतिहासाची वळणे आणि खोताची वाडी

कालप्रवासाच्या कथा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतात: भूतकाळातील एखादी किरकोळ घटना वेगळी घडली असती, तर पुढचा इतिहास कोणत्या वाटेने गेला असता? दूरचित्रवाणीवर हा प्रश्न फार थोड्यांनी मनापासून हाताळला, आणि त्यांत 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेचे स्थान वरचे आहे. १९८०च्या दशकात ही मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखवली जात असल्यामुळे मुंबईच्या एका पिढीला अवकाशयानाचा कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक ही नावे परकी राहिली नाहीत. तिचा 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' हा भाग हार्लन एलिसन यांच्या लेखणीतून उतरला, ६ एप्रिल १९६७ रोजी अमेरिकेत प्रसारित झाला आणि पुढच्या वर्षी विज्ञानकथेसाठीच्या ह्यूगो पुरस्काराचा मानकरी ठरला.

या भागात, औषधाची मोठी मात्रा चुकून टोचली गेल्याने भ्रमिष्ट झालेला अवकाशयानाचा डॉक्टर मॅकॉय एका प्राचीन कालद्वारातून १९३०च्या न्यूयॉर्कमध्ये शिरतो आणि त्याच क्षणी वर कक्षेत फिरणारे यान नाहीसे होते, कारण ज्या भविष्यात ते बांधले गेले ते भविष्यच आता घडलेले नसते. त्याला रोखण्यासाठी कप्तान कर्क आणि स्पॉक महामंदीने गांजलेल्या त्या शहरात उतरतात आणि भुकेल्यांसाठी अन्नछत्र चालवणाऱ्या एडिथ कीलर या तरुणीच्या आश्रयाला राहतात. भाड्याच्या खोलीत रेडिओच्या काचेच्या नळ्या आणि तारा जोडून स्पॉक आपल्या नोंदयंत्रातील माहिती उलगडतो, तेव्हा वर्तमानपत्रांत एडिथची दोन भविष्ये दिसतात: एकात त्याच वर्षी रस्त्यावरील अपघातात मृत्यू, दुसऱ्यात सहा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची भेट. ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि अणुबॉम्ब जर्मनीच्या हाती आधी पडेल, म्हणून तिच्या प्रेमात पडलेला कर्कच, तिला गाडीखालून ओढून काढायला धावलेल्या मॅकॉयला घट्ट धरून ठेवतो.

या भागाची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट बोचत राहते. एडिथच्या आयुष्याचा निर्णय होतो, परंतु तिला कोणी काही सांगत नाही, विचारत तर नाहीच. जिच्या मरणावर जगाचा इतिहास उभा राहायचा, तिला आपण एका वळणावर उभ्या आहोत याचा पत्ताही नसतो. शिवाय इतिहासाचा एकच मार्ग खरा आणि बाकीचे बिघाड, असे ही कथा गृहीत धरते.

हे गृहीतक जयंत नारळीकर यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत नाकारले, आणि तेही मुंबईच्या भूमीवर. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा एका मुंबईत येऊन पडतात, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकलेले असतात. टाउन हॉलमधील ग्रंथालयात बसून ते इतिहासाचे खंड चाळतात आणि दोन जगांची फारकत नेमकी कुठे झाली हे त्यांना बखरीत सापडते: आपल्या इतिहासात पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना लागलेली गोळी इथे कानाजवळून निसटून गेली. कारण अगदी लहान असताना परिणाम अचानक प्रचंड व्हावा, अशा प्रसंगांचे गणित 'कॅटॅस्ट्रॉफी थिअरी' या शाखेत मांडले जाते, आणि कोणता पर्याय घडेल हे आधी निश्चित सांगता येत नाही, हा पुंजभौतिकीचा, म्हणजे अणूहूनही सूक्ष्म कणांच्या शास्त्राचा, निष्कर्ष आहे. या दोहोंच्या आधारे कथा असे सुचवते की दोन्ही इतिहास आपापल्या जागी तितकेच वास्तव असू शकतात. विचार म्हणून हे एलिसन यांच्या मांडणीहून अधिक समंजस आहे, कारण घडले ते घडायलाच हवे होते, असा निवाडा त्यात नाही.

मुंबईतच, गिरगावातील खोताची वाडी या जुन्या वस्तीकडे पाहतानाही याच समंजसपणाची गरज आहे. खोत म्हणजे कोकणात सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. पाठारे प्रभू ज्ञातीच्या दादोबा वामन खोत यांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले आणि त्यातून ही वस्ती उभी राहिली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, वसई या भागांतील मूळचा मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज. त्याने हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतले. लाकडी कठड्याची ओसरी, बाहेरून वर चढणारा जिना, उतरते कौलारू छप्पर, आणि मोटार शिरणार नाही अशी गल्ली: अशी इथे एकेकाळी ६५ घरे होती, आता ती तिशीच्या आत आली आहेत, आणि आसपास उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत.

या घटीबद्दल बोलताना 'हे अटळच होते' असे सहज म्हटले जाते. हे म्हणणे चुकीचे आहे. प्रत्येक घर एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट निर्णयाने गेले. वारसांतील वाटण्या, दुरुस्तीचा न परवडणारा खर्च, जमिनीचा भाव, परदेशी स्थायिक झालेली मुले यांपैकी एखादे कारण जरा हलके असते तर तेच घर आज उभे असते. उलट, 'इथे काळ थांबला आहे' असे म्हणत छायाचित्रे घेत फिरणारा पाहुणाही वाडीला न्याय देत नाही. 'स्टार ट्रेक'च्या त्या भागातील न्यूयॉर्कचा रस्ता दुसऱ्याच एका मालिकेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या गावाच्या देखाव्यात चित्रित झाला होता, आणि त्या गावाच्या केशकर्तनालयाची पाटीही पडद्यावर तशीच दिसते. वाडीकडे अशा तयार देखाव्याच्या नजरेने पाहणारा माणूस तिथल्या रहिवाशांना गळक्या छपराबद्दल काही विचारत नाही. पाडणारा आणि जपणारा, दोघेही एडिथला न विचारता निर्णय घेणाऱ्यांच्या जागी उभे राहू शकतात.

गंगाधरपंत आपल्या जगात परततात तेव्हा त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या इतिहासाच्या बखरीचे एक फाटलेले पान असते, आणि त्या एका पानामुळे त्यांच्या म्हणण्याला पुरावा मिळतो. पाडलेल्या घरामागे मात्र असे पान आपोआप उरत नाही. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, मराठी भाषेच्या अभ्यासकांनी आणि गिरगावातील संस्थांनी, रहिवाशांना आधी विचारून, उरलेल्या प्रत्येक घराचे मोजणी नकाशे करावेत, त्यातील वडीलधाऱ्यांची ईस्ट इंडियन बोली ध्वनिमुद्रित करावी, आणि हे काम पुढच्या घराचा व्यवहार ठरण्याआधी सुरू करावे.