पिठाचा डबा

धुळे. मृग कोरडा चाललाय. पांझरेत नुसती वाळू. कळण्याच्या भाकरीसाठी डब्यात हात घातला तर नखं तळाला घासली, आणि सारफथची विधवा आठवली. यहुदी शास्त्रातल्या राजांच्या ग्रंथातली. दुष्काळात मूठभर पीठ उरलेलं. लेकासोबत शेवटचं खाऊन मरायचं, म्हणून ती काटक्या वेचत होती. संदेष्टा एलिया तिला म्हणाला, आधी मला छोटी भाकरी कर. आणि तिने केली! पीठ पुढे सरलं नाही, हे नंतरचं. मला दिसतो तो पहिला गोळा, थरथरत्या हातांनी थापलेला. अलिबागकडचे बेने इस्रायल यहुदी याच एलियाच्या नावाने पोह्यांचा मलिदा करतात. जळगावला माहेरी माय पहिली भाकरी गायीची काढायची, १९७२च्या दुष्काळातसुद्धा. तेव्हा मी तिच्यावर चिडायचे.