कोण, कसं आणि कितव्या फेरीत

तेरा जोड्या, सव्वीस नावं, आणि त्यांतलं एकही मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. एक परेरा तेवढा ओळखीचा वाटला. "हा वसईचा का रे?" विचारलं, तर चौघंही पोरं गादीवर लोळून हसली. परेरा ब्राझीलचा, साओ पावलोकडचा. पोरवयात टायरच्या दुकानात राबलेला, पुढे किकबॉक्सिंगमध्ये दोन वजनगटांचा विजेता झालेला. त्याचा डावा हुक लागला की माणूस संपला, असं भाच्यानं मला ज्या स्वरात सांगितलं त्या स्वरात आमच्याकडे फक्त नवसाला पावणाऱ्या देवाबद्दल बोलतात.

मी एका लग्नासाठी पुण्याला आले होते आणि भाच्याच्या फ्लॅटवर उतरले होते. त्याच शनिवारी रात्री, १३ एप्रिल २०२४ ला, लास व्हेगासच्या टी-मोबाइल अरीनात पिंजऱ्यातल्या लढतींची रात्र, यूएफसी ३००, होती. आपल्याकडे तेव्हा रविवार उजाडलेला असतो, त्यामुळे पहिली लढत पहाटे साडेतीनला. आंबेडकर जयंतीचे मध्यरात्रीचे फटाके थांबेपर्यंत झोप नव्हतीच, तेव्हा मुलांनी झोपायचा विचार सोडूनच दिला. मलाही एक छापील कागद मिळाला. प्रत्येक जोडीपुढे तीन रकाने: कोण, कसं, कितव्या फेरीत. प्रत्येक रकान्याला एक गुण, म्हणजे एकूण एकोणचाळीस. माणूसच चुकला तर पुढचं काही धरायचं नाही. सगळ्यांत कमी गुणवाल्यानं सगळ्यांना मिसळ द्यायची.

हा खेळ काय आहे ते मला साधारण कळलं ते असं. आठ कोनी जाळीचा पिंजरा, त्यात दोघं. ठोसा, लाथ, गुडघा, कोपर चालतं, कुस्तीतली पकड चालते, ज्युदोची फेक चालते, गळा आवळणं आणि सांधा पिरगाळणं चालतं. पाच मिनिटांची एक फेरी, अशा तीन, विजेतेपदाची लढत असेल तर पाच. संपण्याच्या वाटा मुख्यतः तीन. मारानं कोसळला किंवा पंचांनी मध्ये पडून थांबवलं तर नॉकआउट, टीकेओ. हात आपटून हार मानली किंवा शुद्ध हरपली तर सबमिशन. नाहीतर डिसिजन: तीन परीक्षक, फेरी जिंकणाऱ्याला दहा, दुसऱ्याला नऊ किंवा कमी. दोन परीक्षक एकीकडे आणि एक दुसरीकडे गेला तर त्याला स्प्लिट म्हणतात, आणि स्प्लिट लागला की पुढे महिनाभर भांडायला विषय मिळतो.

माझे आजोबा तासगावाकडच्या जत्रांतून मैदानं बघत फिरायचे. जोड लागायच्या आधीच पैलवानाची मांडी आणि चाल बघून ते सांगायचे, हा मारणार. "कसा" हे त्यांना कुणी विचारत नसे. चितपट झाला की विषय मिटला. इथे "कसा" यालाच सगळी किंमत. "परेरा जिंकेल" असं मी म्हटलं तर कुणी मानही वर केली नाही. "परेरा, पहिल्या फेरीत, समोरचा हिल मागे सरकताना" असं म्हटलं असतं तर माझ्यासाठी चहा आला असता.

मी अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले. तेव्हा मी माझ्या परीनं डोकं लढवलं. म्हटलं, अमेरिकेत यावर कायदेशीर पैजा लागतात ना? मग भाव बघा आणि भरा. भावात सगळ्यांची माहिती आलेलीच असते, हे मी वर्गात घसा कोरडा करून सांगत आले. त्यांच्यात एक सीएची आर्टिकलशिप करणारा मुलगा आहे, त्यानं मोबाइल पालथा ठेवला. "मावशी, भाव बघून भरणं म्हणजे कॉपी." पण त्यांना भाव पाठ होते. बो निकलचा भाव तर इतका एकतर्फी होता की त्याच्यावर पैसे लावून काही हातालाच लागत नव्हतं. निकल पेन स्टेटचा, कॉलेजच्या कुस्तीत तीन वेळा राष्ट्रीय विजेता. अशा जोडीला ही मुलं "लॉक" म्हणतात आणि दोन सेकंदांत पुढे सरकतात. जिथे भाव मधोमध, तिथे रात्र जाते.

हिल आणि परेरावर अशीच रात्र गेली. जमहाल हिलनं जानेवारी २०२३ मध्ये रिओला ग्लोव्हर टेशेराला हरवून विजेतेपदाचा पट्टा घेतला. टेशेरा त्याच रात्री निवृत्त झाला. हा टेशेरा परेराचा गुरू. म्हणजे शिष्य गुरूचा हिशेब चुकता करणार, ही एक बाजू. मग हिलची टाचेची नस बास्केटबॉल खेळताना तुटली, त्यानं पट्टा सोडला, आणि नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला परेरानं तो मिळवला. म्हणजे हिल न हरता गेलेली आपली वस्तू मागायला येतोय, ही दुसरी बाजू. पण नस शिवलेला माणूस पंधरा महिन्यांनी उतरून पायावर किती जोर देईल? भाच्यानं हिलच्या सरावाच्या चित्रफिती थांबवून थांबवून त्याची टाच दाखवली. मला टाच दिसली. त्या टाचेत त्याला काय दिसत होतं ते त्याचं त्याला माहीत.

मग मला पटलं ते असं, की भावातून फार तर कोण ते कळतं, आणि या मुलांना त्यात रसच नाही. त्यांना लढत आधी डोळ्यांसमोर घडवून बघायची असते. "गेचीच्या लाथांनी होलोवेचा पुढचा पाय तिसऱ्या फेरीत जाणार" असं एकदा लिहिलं की मग तिसऱ्या फेरीत तुम्ही त्या पायाकडेच बघता. कागद कोरा असता तर मला तासन्‌तास फक्त मारामारी दिसली असती आणि मी उठून पोहे करायला गेले असते.

मी स्वतः विचार करून भरलेली एकच जोडी, केला हॅरिसन आणि हॉली होम. हॅरिसननं ज्युदोत २०१२ ला लंडनला आणि २०१६ ला रिओला सुवर्ण घेतलं, ते ७८ किलो गटात. आता ती पहिल्यांदाच ६१ किलोला उतरणार होती. होम म्हणजे २०१५ मध्ये मेलबर्नला रोंडा राउझीला लाथेनं पाडणारी, मूळची बॉक्सर, वय बेचाळीस. मुलांचा वाद असा, की इतकं पाणी काढून वजन उतरवलेली बाई दुसऱ्या फेरीत उभी राहील का. आदल्या दिवशीच्या वजनाला ती कशी दिसत होती यावर तर डॉक्टरांनीही घेतला नसेल एवढा वेळ घेतला. मी म्हटलं, दुसऱ्या फेरीपर्यंत तिनं थांबायचंच कशाला? आणि लिहिलं: हॅरिसन, सबमिशन, पहिली. हॅरिसननं तिला खाली घेतलं, वर बसून मारलं, आणि दुसऱ्या फेरीत पाठीमागून गळा आवळला. तीनपैकी दोन गुण. सांगलीकरानं मला टाळी दिली. हा सांगलीचा मुलगा एका बियाणं कंपनीत आहे आणि चौघांत सगळ्यांत कमी बोलतो.

पहाटेची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेनातो मोइकानो नावाचा ब्राझीलचा मल्ल पहिल्याच फेरीत जॅलिन टर्नरच्या ठोशानं खाली गेला. टर्नर काम झालं म्हणून पाठ फिरवून चालू लागला, पण पंचांनी थांबवलंच नव्हतं. मोइकानो सावरला आणि दुसऱ्या फेरीत त्यानंच टर्नरला संपवलं. आमच्या पाचही कागदांवर टर्नर होता. मग मोइकानोच्या हाती माइक आला, आणि तो ओरडून सांगू लागला की देशाची काळजी असेल तर लुडविग फॉन मीझेस वाचा, ऑस्ट्रियन अर्थशास्त्राचे सहा धडे वाचा. मी ताठ बसले. या पंथाला अभ्यासक्रमात फार तर एखाद्या टिपेची जागा, आणि मी वर्गात तेवढीही देत नसे. मुलांनी मला विचारलं, कोण हा मीझेस? त्या रात्रीत मला उत्तर येणारा तो एकमेव प्रश्न, पण तेवढ्यात पुढची जोडी आली आणि कुणाला ऐकायचं नव्हतं.

जिम मिलर हरला तेव्हा खोलीत जरा वाईट वाटलं. यूएफसी १००, २०० आणि ३०० या तिन्हींत लढलेला हा एकटा. चाळिशीचा. त्याच्या जोडीपुढे मुलांनी समोरच्या ग्रीनचंच नाव लिहिलं होतं, पण सगळे ओरडत होते मिलरसाठी. डोक्यानं एकाला गुण द्यायचे आणि मनानं दुसऱ्यासाठी ओरडायचं, हे माझ्यासारख्या जन्मभर मतदान करत आलेल्या बाईला लगेच कळलं.

आता गेची आणि होलोवे. बीएमएफ नावाचा एक खास पट्टा होता, त्याची फोड काही केल्या मला कुणी सांगेना. "मावशी, इंग्लिश शिवी आहे, सोड." गेची जड हाताचा, घातक लाथांचा. होलोवे हवाईचा, खालच्या वजनगटातून साडेचार किलो वर आलेला, पण तोवर एकदाही नॉकआउट न झालेला. भाव गेचीच्या बाजूनं. सांगलीकरानं एकट्यानं लिहिलं होतं: होलोवे, डिसिजन. "मारणार नाही, पण मोजून मोजून खाणार," एवढंच त्याचं स्पष्टीकरण. भाच्याचं होतं: गेची, नॉकआउट, पाचवी.

पहिली फेरी संपता संपता होलोवेची गिरकी घेऊन मारलेली लाथ गेचीच्या नाकावर बसली. मग अक्षरशः मोजून मोजून खाल्लं. चौथी फेरी संपली तेव्हा मलाही गुणांचा हिशेब कळत होता. सांगलीकर भिंतीला टेकून, डोळे अर्धवट मिटून बसला होता, निकाल लागलेल्या उमेदवारासारखा. पाचव्या फेरीचे शेवटचे दहा सेकंद राहिल्याची खूण झाली. होलोवे जिंकलेला होता. त्यानं फक्त लांब पळत राहायचं होतं. त्याऐवजी त्यानं पिंजऱ्याच्या मधोमध जमिनीकडे बोट दाखवलं, म्हणजे इथे ये आणि उभा राहून मार. दोघंही डोळे मिटल्यासारखे हात चालवू लागले. सांगलीकर उठून उभा राहिला. "नको रे, नको, पळ!" आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढलेला ऐकला. गेची तोंडावर कोसळला. घड्याळ ४ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबलं.

एक सेकंद. सांगलीकराचा माणूस जिंकला आणि पद्धत व फेरी दोन्ही गेली. भाचा वेगळ्याच आनंदात: नॉकआउट बरोबर, पाचवी फेरी बरोबर, माणूस तेवढा उलटा. त्यानं दोन गुण मागितले. नियम त्यानंच केलेला होता, तो सीएनं मोठ्यानं वाचून दाखवला. पुढे चांग वेईली आणि यान श्याओनान या दोन चिनी बायकांची लढत, यूएफसीच्या पट्ट्यासाठी दोन चिनी समोरासमोर येण्याची पहिली वेळ, चालू झाली तरी हे भांडण मिटलं नव्हतं. पहिल्या फेरीच्या अखेरीस यानचा गळा आवळला जाऊन ती जवळजवळ गेलीच होती, घंटेनं वाचली, ते मी एकटीनंच बघितलं असावं. होलोवेनं असं का केलं यावर तीन मतं पडली. त्या आठवड्यात उत्तम लढतीच्या बक्षिसाची रक्कम पन्नास हजारांवरून तीन लाख डॉलर केली होती, हे मी लक्षात आणून दिलं. माणसं आमिषाला प्रतिसाद देतात, एवढं तरी अर्थशास्त्र मला येतं. सांगलीकर म्हणाला, "मावशी, पैशासाठी कुणी असं करत नाही." होलोवेला बक्षीस मात्र दोनदा मिळालं.

परेरानं हिलला पहिल्या फेरीत ३ मिनिटं १४ सेकंदांत झोपवलं. त्याआधी हिलची लाथ कमरेखाली बसली म्हणून पंच मध्ये येऊ लागले, तर परेरानं हातानंच त्यांना बाजूला व्हायची खूण केली आणि डावा हुक मारला. टाचेचा त्यात काही संबंध होता की नाही, यावर भाच्याचं अजून संशोधन चालू आहे.

मी शेवटून दुसरी आले. मिसळ सीएला द्यावी लागली, कारण त्यानं मधोमध भाव असलेल्या जवळजवळ सगळ्या जोड्या उलट भरल्या होत्या. तर्री ओतून घेत असतानाच ४ मेच्या रिओच्या लढतींचं बोलणं सुरू झालं. जोझे आल्डो निवृत्तीतून परत येतोय, सदतिसाव्या वर्षी, समोर जॉनथन मार्टिनेझ, लाथांसाठी प्रसिद्ध. सगळे म्हणाले आल्डोचे पाय आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. मी पाव मोडला आणि विचारलं, "पण तो दुसरा डावखुरा आहे का? मग लाथ कुठल्या पायावर बसणार?"

सांगलीकरानं चमचा खाली ठेवला. "थांबा मावशी," तो म्हणाला, आणि कागद शोधू लागला.