चार खेचरं आणि एक अंधारी गाडी

फोटोत काय आहे? तर वाळू. वाळूचा मोठ्ठा उतार, त्यापुढे चार खेचरं, त्यांना जुंपलेली एक बंद गाडी आणि गाडीपासून थेट कॅमेऱ्यापर्यंत आलेली पावलं. बस्स! पावलं अर्थातच फोटोग्राफरची. नाव टिमोथी ओसलिव्हन, साल १८६७, ठिकाण अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं कार्सन वाळवंट.

ती गाडी म्हणजे त्याची डार्करूम. आपण एकाच सूर्यास्ताचे तीस फोटो काढतो आणि एकोणतीस डिलीट करतो. या बाबाला एका फोटोसाठी काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरावं लागे, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवावी लागे, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे आणि वाळायच्या आत गाडीत नेऊन डेव्हलप करावी लागे. तेही वाळवंटात, जिथे टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत वाळतो! ती पावलं किती घाईची असतील बघा.

फोटोचं प्रिंट बॅगेत टाकून मी रेनोहून निघालो. रस्ता यूएस-५०. 'लाइफ' मासिकाने १९८६ मध्ये याला अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता म्हटलं आणि नेवाडावाल्यांनी टीकेचीच जाहिरात करून टाकली. फॅलन गाव मागे पडलं की चाळीसेक किलोमीटरवर डाव्या हाताला सँड माउंटन दिसतो. फोटो याच परिसरातला मानतात. आणि इथे गंमत आहे. प्रिंट पाहून वाटतं, वाळूला अंतच नसेल. प्रत्यक्षात दोनेकशे मीटर उंचीची एकच टेकडी, बाजूला कोरडं सपाट मैदान, पलीकडे डोंगररांग. ओसलिव्हनने फ्रेमच अशी धरली की बाकी सगळं गायब! युटातल्या विचेस रॉक्सपाशी तर त्याने कॅमेराच तिरका धरला होता. १९७७ पासून काही फोटोग्राफर्सनी त्याच्या जागा शोधून, तिथेच उभं राहून पुन्हा फोटो काढले, तेव्हा हे उघड झालं. फोटोशॉपला उगाच नावं ठेवतो आपण.

हा सगळा प्रदेश म्हणजे ग्रेट बेसिन. इथलं पाणी समुद्राला मिळतच नाही. आपली गोदावरी अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही हट्टाने बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. इथली हम्बोल्ट नदी शेकडो किलोमीटर वाहून एका खोलगट जागी जिरून जाते.

ओसलिव्हन काही हौसेने भटकत नव्हता. पंचवीस वर्षांच्या क्लॅरेन्स किंगच्या हाताखालचं ते सरकारी सर्वेक्षण होतं, पैसा युद्धखात्याचा. रेल्वे येणार होती, खनिजं कुठे आहेत ते हवं होतं. व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणीत उतरून त्याने मॅग्नेशियम जाळून त्या उजेडात खाणकामगार टिपले. ते फोटो पाहताना आजही गुदमरायला होतं.

पण मला छळतो तो वाळूचाच फोटो. पायूट लोक इथे हजारो वर्षं राहत होते. त्या फ्रेममध्ये मात्र जागा रिकामी दिसते. रिकामी दिसणारी जागा कशासाठी वापरतात? २६ ऑक्टोबर १९६३ रोजी याच भागातल्या सँड स्प्रिंग्ज डोंगररांगेत जमिनीखाली १२ किलोटनांचा अणुस्फोट केला गेला. हायवेवर याची कल्पनासुद्धा येत नाही.

मात्र हेच फोटो साक्षीदारही होतात. ओसलिव्हनने १८६७ मध्ये पिरॅमिड लेकमधले चुनखडीचे सुळके टिपले, पायाशी पाणी असलेले. १९०५ मध्ये ट्रकी नदीवर डर्बी धरण झालं, नदीचं पाणी फॅलनकडे वळलं आणि सरोवर पुढच्या सहा दशकांत वीसेक मीटरने खाली गेलं. शेजारचं विनेमक्का सरोवर १९३०च्या दशकात पार आटलं. १९७९ मध्ये त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढला, तेव्हा पाणी बरंच खाली गेलेलं होतं. दोन्ही फोटो शेजारी ठेवा, आकडेवारीची गरजच नाही. फॅलनला अल्फाल्फाची जी हिरवीगार शेतं पाहून मी 'वा!' म्हणालो होतो, ती याच पाण्यावरची. पायूट जमातीने पाण्यासाठी कोर्टात वर्षानुवर्षं झगडा केला. सरोवर आजही त्यांच्याच राखीव भूमीत आहे.

जायचंच असेल तर रेनोहून पिरॅमिड लेक तासाभराच्या आत. जमातीचा परवाना आधी काढा. वाटेत पाण्याचा भरपूर साठा हवा आणि फॅलनलाच टाकी फुल करा, कारण पुढचं गाव ऑस्टिन, पावणेदोनशे किलोमीटरवर. आणि जाणं जमत नसेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर ओसलिव्हनचं नाव टाका. फोटो कॉपीराइटमुक्त आहेत, मोठ्या साइजमध्ये फुकट उतरवता येतात. वाळूवाला फोटो पूर्ण झूम करून बघा, पावलं मोजता येतात का ते.