नारळ उतरवले, जात कधी उतरवणार?

पाहुणा येऊन गेला. ६ नोव्हेंबरला मुंबईत उतरला, ९ ला सकाळी दिल्लीहून इंडोनेशियाला निघून गेला. या चार दिवसांत आम्ही भंडाऱ्याची माणसे दिवसा धान कापत होतो आणि संध्याकाळी भारनियमन जेवढे पाहू देईल तेवढे बराक ओबामा पाहत होतो. आमच्या जिल्ह्यात साधा मंत्री यायचा म्हटला तरी खड्ड्यांत मुरूम पडतो, रस्त्याच्या दोन्ही कडांना चुन्याची पांढरी रेघ ओढली जाते आणि त्या दिवसापुरती लाइन जात नाही. त्यामुळे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष येतो म्हणजे काय काय होत असेल याचा अंदाज आम्हाला होता. पण नारळाचे आम्हालाही सुचले नव्हते.

मुंबईत गावदेवीला लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे. गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरायचे. ओबामांना ते घर पाहायचे होते. घराभोवती नारळाची झाडे. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या डोक्यात नारळ पडला तर? म्हणून पाहुणा येण्याआधी झाडांवरचे नारळ उतरवून घेतले. ही बातमी बीबीसीनेही दिली. ज्या देशात पाहुण्याच्या हातात नारळ देऊन स्वागत करतात त्या देशात नारळच संशयित आरोपी ठरला. मराठीत ‘नारळ देणे’ याचा आणखी एक अर्थ आहे, तोही वाया गेला नाही. ‘आदर्श’ इमारतीच्या प्रकरणात अडकलेले मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचा निर्णय पाहुणा असेपर्यंत टांगून ठेवला होता. ९ तारखेला विमान उडाले आणि त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांना नारळ मिळाला.

हसून झाले. आता मुद्दा. धोका कुठून येऊ शकतो हे शासनाला ओळखता येते, आणि ओळखले की शासन झाडावरसुद्धा चढते, एवढे या प्रकरणावरून सिद्ध झाले. मग आमच्या मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत शासनाला धोका का दिसला नाही? तिथे तर झाडावर चढायचे नव्हते, सरळ रस्त्याने जायचे होते. भोतमांगे कुटुंबाचा जमिनीचा आणि वाटेचा वाद गावाला ठाऊक होता, पोलीस ठाण्याला ठाऊक होता. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी जे घडले ते अचानक आकाशातून पडलेले नव्हते. सुरेखाताई, त्यांची मुलगी आणि दोन मुले मारली गेली, मृतदेह कालव्यात सापडले, भैयालाल भोतमांगे एकटे उरले. नंतर पोलीस निलंबित झाले. म्हणजे नारळ पडून गेल्यावर झाडाची चौकशी झाली.

दौऱ्याच्या आधी आणखी एक गंमत झाली. स्वागताला येणाऱ्या राज्याच्या मंत्र्यांकडे अमेरिकनांनी ओळखीचे तपशील मागितले, तर मंत्री रागावले. आमच्याच राज्यात आम्हालाच ओळख विचारता? हा अपमान झाला म्हणे. आम्हाला त्यांचा राग मनापासून समजला. बारावी पास झालेल्या आमच्या प्रत्येक पोराला जात पडताळणी समितीपुढे उभे राहून हेच विचारले जाते. १९५० च्या आधी तुझा आजोबा कुठे राहत होता ते दाखव. शाळेचा दाखला आण, कोतवाल बुकाची नक्कल आण, बापाचा आण, आजाचा आण. ज्या आज्याला शाळेच्या दारात उभे केले नाही त्याचा शाळेचा दाखला आणायचा. आणि इतके करूनही ज्याच्या हातात वैधता प्रमाणपत्र पडते त्याला गावात त्याची जात कुणी विचारत नाही, ती सगळ्यांना न विचारता ठाऊकच असते. मंत्रिमहोदय एका दिवसात दमले.

(या दौऱ्यावर दिवसाला २० कोटी डॉलर खर्च होणार, ही आवईसुद्धा महाराष्ट्रातल्याच कुणा अधिकाऱ्याच्या हवाल्याने उठली आणि व्हाइट हाउसला ती खोडून काढावी लागली. खरे आकडे वेगळेच होते. मुंबईत सुमारे १० अब्ज डॉलरचे सौदे जाहीर झाले आणि त्यातून अमेरिकेत ५० हजारांवर नोकऱ्यांना आधार मिळणार, हे पाहुण्याने स्वतःच सांगितले. आमच्याकडेही पाहुण्याला जाताना शिदोरी बांधून देतात. ही जरा मोठी झाली.)

७ तारखेला ओबामांना खेडे दाखवले. मुंबईत, झेवियर्स कॉलेजात, पडद्यावर. राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यातले कानपुरा गाव समोर आले, गावकरी बोलले, पाहुणा बोलला, संगणकाने पंचायत कशी सुधारली ते सांगून झाले. कानपुऱ्याच्या लोकांशी आमचे भांडण नाही. भांडण पडद्याशी आहे. पडद्यावर खेडे फार छान दिसते. पडद्यावर विहिरी किती आणि कुणाच्या हे दिसत नाही, स्मशानाची वाट दिसत नाही, वस्ती गावाच्या कोणत्या टोकाला आहे ते दिसत नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याचे वर्णन केले तेव्हा पडदा नव्हता. अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयतेचे डबके, असे त्यांनी खेड्याला म्हटले आणि सभेतल्या ग्रामस्वराज्यवाल्यांना ते झोंबले. कानपुऱ्याऐवजी खैरलांजी पडद्यावर आणली असती तर तिथेही ग्रामपंचायत आहे, तिथेही फलक आहे. खैरलांजीला वर्षही झाले नव्हते तेव्हा, १५ ऑगस्ट २००७ ला, आपल्या शासनाने महात्मा गांधींच्या नावाने तंटामुक्त गाव मोहीम काढली. तंटा मिटवला की गावाला बक्षीस. अत्याचाराची तक्रार करायला निघालेल्या माणसाला बक्षिसासाठी गप्प कोण बसवते, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात पाहावे.

आता ८ तारखेचे भाषण. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात ओबामांनी बाबासाहेबांचे नाव घेतले आणि आमच्या मोबाइलवर एसएमएसचा पाऊस पडला. ‘ओबामानेही मानले’, ‘व्हाइट हाउसमध्ये जय भीम’. आनंद आम्हालाही झाला. का होऊ नये? पण वाक्य नीट ऐका. तुम्ही कोण, कुठून आलात याला महत्त्व नाही, प्रत्येक माणूस आपल्या क्षमतेपर्यंत पोहोचू शकतो, डॉ. आंबेडकरांसारखा एक दलित स्वतःला वर उचलू शकला आणि सर्व भारतीयांच्या हक्कांचे रक्षण करणारे संविधान लिहू शकला, असा त्याचा आशय. टाळ्या पडल्या. बाके वाजवणाऱ्यांत कोण कोण होते ते तुम्ही टीव्हीवर पाहिलेच असेल.

‘स्वतःला वर उचलले’ यात बाबासाहेबांची थोरवी आहे, हे खरे. पण यात खाली कुणी दाबले होते त्याचे नाव नाही. म्हणून तर सगळ्यांना टाळ्या वाजवता आल्या. विहिरीत पडलेला माणूस पोहून वर आला याचे कौतुक करायला विहिरीत ढकलणाराही पुढे येतो. बाबासाहेब १९१३ ला कोलंबिया विद्यापीठात गेले, ओबामा त्याच विद्यापीठात १९८१ ला दाखल झाले. एका अर्थाने ओबामासाहेब बाबासाहेबांचे ज्युनियर. ज्युनियरला एवढे माहीत असायला हरकत नव्हती की कोलंबियाची पदवी आणि लंडनचा अभ्यास घेऊन १९१७ ला नोकरीसाठी बडोद्याला आलेल्या या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. वर उचलून घेतल्यावरही खाली ओढणारे हात तेवढेच होते.

आणि ते हात भंडाऱ्यातही होते. हे आम्हालाच सांगितले पाहिजे, दिल्लीचे लोक सांगणार नाहीत. मे १९५४ मध्ये, आपला जिल्हा तेव्हाच्या मध्यप्रदेशात असताना, बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. संविधान लागू होऊन चार वर्षे झाली होती. ज्या संविधानाचे शब्द लिहिल्याबद्दल परवा संसदेत बाके वाजली, त्याच संविधानाच्या शिल्पकाराला आपल्या जिल्ह्याने संसदेत पाठवले नाही. काँग्रेसचा उमेदवार निवडून आला. राखीव जागा, पण मतदार संयुक्त. म्हणजे आमचा प्रतिनिधी कोण हे आमच्यापेक्षा इतरांनी जास्त ठरवायचे. १९३२ च्या पुणे कराराचा अर्थ ज्याला पुस्तकातून कळत नसेल त्याने भंडाऱ्याची ती निवडणूक अभ्यासावी.

यासाठीच मणिभवन आम्हाला खटकते. गांधीजींचे घर कुणी पाहू नये असे आमचे म्हणणे नाही. मार्टिन ल्यूथर किंगही १९५९ ला तिथे राहून गेले आणि ओबामांना किंग यांच्या वाटेने जायचे होते. पण त्याच मणिभवनात १४ ऑगस्ट १९३१ ला बाबासाहेब गांधीजींना भेटले आणि मला मायभूमी नाही, असे त्यांच्या तोंडावर सांगून आले. ज्या देशात आम्हाला कुत्र्यामांजरापेक्षा वाईट वागवतात, पाणी मिळत नाही, तो देश आपला कसा म्हणू, असा तो सवाल होता. त्या घरातून पाहुण्याला फिरवताना ही भेट कुणी सांगितली असेल यावर आमचा विश्वास नाही. आणि किंग यांनाही स्वतःची ओळख पटली ती दुसरीकडे. त्याच दौऱ्यात केरळातल्या दलित मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतले आपल्यासारखेच अस्पृश्य’ अशी करून दिली. आधी किंग चपापले, मग विचार करून म्हणाले, होय, मी अस्पृश्यच आहे. पुढे अमेरिकेतल्या चर्चमध्ये त्यांनी हे जाहीर सांगितले. काळ्या माणसाला आरसा दाखवला तो दलितांच्या शाळेने.

झेवियर्सपासून फोर्टमधले सिद्धार्थ कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दादरला राजगृह आहे, चैत्यभूमी आहे. ओबामांच्या ताफ्याला दादर लांब नव्हते. पण तिथे नेले असते तर दोन प्रश्न निघाले असते, आणि पाहुण्यासमोर घरातली भांडणे काढायची नसतात. बाबासाहेबांनी मात्र ती काढली होती. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून विचारले होते की निग्रोंनी युनोकडे जी याचिका केली आहे तिच्या प्रती मिळतील का, कारण अस्पृश्यांचाही तसाच विचार आहे. ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तरही आले. त्या युनोत परवा ओबामांनी भारताच्या कायम जागेला पाठिंबा दिला आणि देश नाचला. याच युनोच्या २००१ च्या डर्बन परिषदेत जातीचा विषय येऊ नये म्हणून आपल्या सरकारने जिवाचा आटापिटा केला होता. तेव्हा वाजपेयींचे सरकार होते. खैरलांजीनंतर तीन महिन्यांनी पंतप्रधान मनमोहनसिंग अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाशी करून मोकळे झाले, पण सरकारची अधिकृत भूमिका हलली नाही. युनोत खुर्ची पाहिजे, युनोत जात नको. संसदेतल्या भाषणात ब्रह्मदेशातल्या लोकांच्या हक्कांबद्दल भारत बोलत नाही, असा टोलाही पाहुण्याने हाणला. यजमान गप्प बसले. भंडाऱ्यातल्या माणसांबद्दल मात्र पाहुणाही गप्प आणि यजमानही गप्प.

पाहुणा येण्याच्या चारच महिने आधी, १४ जुलैला, नागपूर खंडपीठाने खैरलांजीच्या सहा आरोपींची फाशी रद्द करून आठही जणांना २५ वर्षांची शिक्षा दिली. फाशी असावी की नसावी यावर आपल्यातही दोन मते आहेत, तो वाद आज नको. आमचा वाद त्या निष्कर्षाशी आहे की हे जातीच्या द्वेषातून झाले नाही, सूडातून झाले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ ला ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही, उच्च न्यायालयानेही लावला नाही. म्हणजे दिल्लीत वर उचलला गेला तो ‘दलित’ आणि आमच्या तालुक्यात मारले गेले ते मात्र नुसतेच शेजारी. कौतुकाच्या वेळी जात दिसते, कलम लावायच्या वेळी दिसत नाही.

आता ६ डिसेंबर येतो आहे. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून, तुमसर रोडवरून, गोंदियाहून माणसे निघतील. डब्यात उभे राहायला जागा नसेल, डोक्यावर भाकरीचे गाठोडे असेल. हेही मुंबईचे पाहुणेच. त्यांच्यासाठी वाहतूक वळवली जाईल आणि काही वर्तमानपत्रे त्याचीच बातमी करतील. शिवाजी पार्कातल्या कचऱ्याचे फोटो येतील. त्या कचऱ्याशेजारी लाखो रुपयांची पुस्तके विकली जातात त्याचा फोटो येणार नाही.

या वर्षी आम्ही एक पानाचे पत्रक सोबत नेत आहोत. एका बाजूला ओबामांच्या भाषणातले ते वाक्य मराठीत. दुसऱ्या बाजूला फक्त तारखा आणि त्या दिवशी काय झाले ते: १४ ऑगस्ट १९३१, मे १९५४, २९ सप्टेंबर २००६, २४ सप्टेंबर २००८, १४ जुलै २०१०. ज्यांनी ‘ओबामानेही मानले’ हा एसएमएस पाठवला त्यांनी तरी ते नक्की घ्यावे आणि डब्यात वाचून दाखवावे. पैसे द्यायचे नाहीत. ५ तारखेला दुपारी वरठी स्टेशनवर भेटू.

जय भीम.